गोदूबाईचे लोखंडी पाय

सर्जेकोटच्या गोदूबाईकडे मसाला ठेवायचा एक पत्र्याचा डबा होता. शेजारच्या शेवंतीचा मुलगा मितेश बोटीवर कामाला लागला, तेव्हा पहिल्या फेरीहून येताना त्याने परदेशी चॉकलेटं आणली होती. चॉकलेटं वाडीतल्या पोरांनी फस्त केली आणि डबा गोदूबाईकडे आला. झाकणावर चित्र होतं. डोक्यापासून नखापर्यंत लोखंडात मढलेला एक माणूस कुठल्याशा राणीपुढे गुडघा टेकून बसलेला. गोदूबाई ते झाकण रोज उघडायची, रोज लावायची, पण त्या माणसाकडे तिने कधी धड पाहिलं नव्हतं. झाकण घट्ट बसतं ना, मसाल्याचा वास उडत नाही ना, एवढ्याशीच तिची गाठ.

पाहिलं ते तिच्या नवऱ्याने. दत्ताराम हा गाबिताचा, म्हणजे मासेमाराचा मुलगा, पण होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. बापाने खूप प्रयत्न केले, शेवटी हात टेकले आणि पोराला आयटीआयला घातलं. तिथून तो एस.टी.त लागला. कणकवलीच्या वर्कशॉपमध्ये ठोकर लागलेल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं, शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेची गाडी धरायची. गोदूबाई इकडे मासे विकायची. मालवणला, कसालला, बाजार असेल तिथे. मुलगा ओंकार मोठा झाला आणि गोव्याला कामाला गेला. असा संसार झाला. २००५ साली दत्ताराम निवृत्त होऊन कायमचा घरी आला, आणि दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याला एकमेकांची सवय फक्त रविवारची आहे.

पुढच्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. मासेमारी बंद, गोदूबाई घरात. ती चुलीपुढे बसली होती आणि दत्ताराम डब्याचं झाकण हातात घेऊन उजेडाला धरून बघत होता.

"गो, ह्यो माणूस खाली बसलो कसो?"

"खयचो माणूस?"

"ह्यो, झाकणावरचो. अंगभर पत्रो आसा ह्येच्या. मगे गुडघो वाकवल्यान कसो?"

"चित्र ता. चित्रात कायव करतत."

"काढणाऱ्यान बघल्याशिवाय काढल्यान आसतला?"

"मसालो दिया हय आधी."

त्याने डबा दिला, झाकण दिलं नाही. ते घेऊन तो पडवीत गेला. थोड्या वेळाने गोदूबाई बाहेर डोकावली, तर नवरा जमिनीवर एक गुडघा टेकून बसला होता आणि स्वतःच्याच गुडघ्यावर बोटं फिरवत होता. पुन्हा उठला, पुन्हा टेकला.

"दाराक बिजागरी आसता ती एका बाजूक," तो तिला बघून म्हणाला. "गुडघ्याक दोनय बाजूंक व्हयी. बरां, वाकलो की पुढे फट पडाक नको. फट पडली तर भालो थंयच घुसतलो. नि मागे मांस चिमटाक नको. मोठो घोळ आसा गो ह्यो."

असं हौसेने तो कधी बोललेला तिला आठवत नव्हता. त्यामुळे तिने त्याला हसणं टाळलं.

शेवंतीची मुलगी दिव्या मालवणात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. दत्तारामने तिला गाठलं. दिव्याने इंटरनेटवर शोधून त्याला लोखंडी पायांची चित्रं काढून दिली, पुढून, बाजूने, मागून. चिलखताच्या एकेका भागाला इंग्रजीत एकेक नाव होतं. दिव्याने ती वाचून दाखवली, दत्तारामने ऐकून घेतली आणि घरी येईपर्यंत विसरला. मग त्याने आपलीच नावं दिली. मांडीवरचा तो 'मांडो', गुडघ्यावरची ती 'वाटी', खाली पायाच्या नळीवरची ती 'नळी'. आणि वाटीच्या वर-खाली ज्या अरुंद, वाकड्या पट्ट्या होत्या, ज्यांच्यामुळे सगळं वाकत असावं असा त्याला संशय होता, त्यांना 'पाकळ्यो'.

"काका, करतलास काय ह्येचां?" दिव्याने विचारलं.

"कायएक नाय. वाकता कसां ता बघूचां आसा," दत्ताराम म्हणाला.

पत्रा कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. बंदरावर डिझेलची जुनी पिंपं पडलेली असत. त्यातलं एक त्याने लोळवत आणलं, आधी काठोकाठ पाण्याने भरलं, म्हणजे आत वाफ राहून भडका नको, आणि मग छिन्नीने कापून उलगडलं. परसात फणसाचं एक खोड पडलं होतं. त्यात त्याने वाटीएवढा खळगा कोरला. पत्र्याचा तुकडा करवंट्यांच्या कोळशात लालबुंद करायचा, निवू द्यायचा, खळग्यावर ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोड्याने कडेपासून मधोमध ठोकत यायचं. पत्रा हळूहळू खाली बसतो, बशीसारखा होतो, मग वाटीसारखा. मग उलटा करून लोखंडी डॉलीवर, त्या गुळगुळीत ठोकळ्यावर, धरायचा आणि त्याचे पोचे हलक्या हाताने मोडायचे. वर्कशॉपमध्ये जन्मभर त्याने फुगलेलं सपाट केलं होतं. आता सपाट होतं ते फुगवत होता. त्याची त्यालाच गंमत वाटत होती.

आवाज मात्र वाडीभर जायचा. शेवंती कुंपणावरून ओरडली, "गो गोदू, तुझ्या घोवान एस.टी. काढूची ठरवल्यान काय?"

"पाय करतत ते," गोदूबाई म्हणाली.

"कोणाचे?"

दत्ताराम आपल्या पायावर करायला निघाला होता. पण पुठ्ठा मांडीला लावायचा, पाय वाकवायचा आणि वाकलेल्या पायावर खूण करायची हे एकट्याला जमेना. खाली वाकून बघायला गेला की गुडघा हलायचा, मापं बदलायची. दोनदा तो तोल जाऊन पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा अंगणातल्या चिखलातून त्याने मान वर केली. गोदूबाई पडवीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती.

"गो, तुझो पाय दी."

"काय?"

"पाय गो. माझो माकाच बघूक येणा नाय."

"माझ्या पायाचां काय करतलास?"

"मापां घेवची आसत फक्त. तुका खंय जाऊचां आसा सध्या?"

कुठेच जायचं नव्हतं, हे खरं. तिने सूप बाजूला ठेवलं, काष्टा सावरला आणि पाय पुढे केला. तिच्या मनात आलं, लग्नात सप्तपदीला ह्या माणसाने आपल्या पायाचा अंगठा धरला होता, त्यानंतर आज. लाज वाटून तिने वाडीच्या वाटेकडे बघितलं. कोणी नव्हतं.

दत्तारामला मात्र लाजबिज काही नव्हती. वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा त्याने तिच्या नडगीवर धरला, जाळ्याच्या दोरीने बांधला, कोळशाने खुणा केल्या. "वाकव. सरळ कर. अर्धो वाकव. थांब थंयच." चेपलेल्या गाडीपुढे तो असाच बसत असणार, तिला वाटलं. कणकवलीत तो काय करतो हे तिला माहीत होतं, पण करताना कसा दिसतो हे तिने कधी बघितलं नव्हतं. काम करताना तो जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचा.

डावा पाय झाला. मग तोच पुठ्ठा त्याने उजव्या पायाला लावला. दोरी आवळली, तर पुठ्ठ्याच्या कडा एकमेकींवर चढल्या. त्याने सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेच.

"ह्यो पाय बारीक कित्याक?"

"खयचो बारीक? माणसाचे दोनय पाय सारकेच आसतत."

"तुझे नाय. बघ."

तिने स्वतः दोरी घेतली, एका पोटरीभोवती गुंडाळली, खूण धरली, दुसरीभोवती गुंडाळली. चांगला दोन बोटांचा फरक होता. गोदूबाई दोरीकडे बघत राहिली. पन्नास वर्षं हे पाय तिच्या अंगाखाली होते, त्यांच्यावर टोपल्या तोलून ती साऱ्या तालुक्यात फिरली होती, आणि हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. एस.टी.च्या पायरीवर ती नेहमी डावा पाय आधी टाकायची. उजवी चप्पल बाहेरच्या कडेला झिजायची, डावी मधोमध. आई म्हणायची, दोन वर्षांची असताना तुला ताप आला होता, चालत होतीस ती पुन्हा रांगायला लागलीस. हे सगळं तिने सुटं सुटं ऐकलं होतं, बघितलं होतं, पण एका पायाशी नेऊन कधी जोडलं नव्हतं. एक पाय आधी दमतो, दुसरा मागाहून, असंच सगळ्यांचं असणार असं ती धरून चालली होती.

संध्याकाळी तिने कुंपणापाशी जाऊन शेवंतीला विचारलं, "गो, तुझो खयचो पाय आधी दमता?"

"माझे दोनय एकदम दमतत," शेवंती म्हणाली. "कित्याक गो?"

"कायएक नाय," गोदूबाई म्हणाली आणि परत आली.

दत्तारामने ह्यावर फार चर्चा केली नाही. "म्हणजे दोन करूक व्हये, वेगळे," एवढंच म्हणाला. पण उजव्या पायाचा पत्रा तो जास्त वेळ ठोकत राहिला, ठोकून ठोकून पातळ करत राहिला. कित्याक म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, "त्या पायाक वजन कमी व्हया." मग पुन्हा हातोडा चालू झाला.

श्रावण लागेपर्यंत सगळे भाग तयार झाले. पिंपाचा निळा रंग कोळशात जळून गेला होता आणि पत्रा घासून घासून चंदेरी दिसत होता. मालवणच्या चांभाराकडून पट्टे झाले, दप्तरांची जुनी बक्कलं झाली. आतून टोचू नये म्हणून गोदूबाईने जुनी वाकळ फाडून अस्तर शिवलं. पण मुख्य गोष्ट जमेना. गुडघा वाकेना.

वाटीला वरून एक पाकळी, खालून एक पाकळी, दोन्ही बाजूंना एकेक रिव्हेट. कागदावर बरोबर होतं. पायात घातलं की अर्ध्यावर वाकायचं आणि कट्ट करून अडायचं. रिव्हेट सैल केलं की पुढे फट पडायची, आणि त्या फटीतून गोदूबाईच्या गुडघ्याची कातडी दिसायची. घट्ट केलं की पाय काठीसारखा सरळ. दत्तारामने पाकळ्या तीनदा नव्याने केल्या. दिव्याने दिलेली चित्रं तो भिंग लावून बघायचा, पण रिव्हेटच्या खाली काय चाललंय ते चित्रात कसं दिसणार? जेवताना त्याचं लक्ष नसायचं. एकदा भातावर आमटी ओतायच्या ऐवजी त्याने पाणी ओतलं.

अशात शेवंतीचा नवरा बाबली खडपातल्या जाळ्यात लागलेला एक शेवंड घेऊन आला. शेवंड म्हणजे लॉबस्टर, समुद्रातला राजा, त्याला भाव चांगला मिळतो, म्हणून वाडीत तो सहसा कोणी खात नाही. पण ह्याच्या मिशा मोडल्या होत्या आणि तो मेलेला होता. असा व्यापारी घेत नाही. "गोदूवयनी, तुमीच रांदा," बाबली म्हणाला.

गोदूबाईने शेवंड पाटावर ठेवला आणि सुरी घेतली. शेपटी सरळ करायला म्हणून तिने ती धरली, तर शेपटी तिच्या हातात वळली आणि सोडल्यावर पुन्हा पसरली. तिने सुरी खाली ठेवली. पुन्हा वळवली. कवचाचं एकेक कडं दुसऱ्याखालून सरकत होतं, पुढचं मागच्यावर चढत होतं, आणि मधे कुठेही मांस दिसत नव्हतं. जन्मभर तिने हजारो शेवंड हाताळले असतील, वजन केले असतील, बर्फात भरले असतील. वळतो कसा हे बघावंसं तिला आजच वाटत होतं.

तिने तो खिडकीपाशी नेला. नखाने एक कडं उचलून बघितलं. बाजूला, अगदी टोकाला, प्रत्येक कड्याला मोहरीएवढं एक बोंड होतं. तेवढ्याच एका जागी कडं कड्याला धरून होतं. आणि तिथे त्याचा कोपरा गोल होता, गुळगुळीत, घासून केल्यासारखा. तिने वळवलं आणि तो गोल कोपरा शेजारच्या कड्याच्या आत फिरताना बघितला.

"ओ," तिने हाक मारली. "हय येवा जरा."

दत्ताराम हातोडा घेऊनच आला.

"तुमच्या पाकळेक कोपरे कसे आसत?"

"कसे म्हणजे? चौकोनी. पट्टी ती."

"मगे ते एकमेकांक अडतत. ह्येका बघा. ह्येका कोपरोच नाय. नि ह्येचो रिव्हेट बघा खंय आसा. पार टोकाक. तुमी आत मारल्यात."

दत्तारामने शेवंड हातात घेतला. वळवला, सोडला, वळवला. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. मग म्हणाला, "पुढे बघ गो. वळलो की हयसर आतलो गुळगुळीत भाग बाहेर येता. म्हणजे एकमेकांखाली जास्त पत्रो ठेवूक व्हयो. मी कंजूसपणा केलंय."

"माका आता ह्यो रांदूचो आसा."

"आज नको."

"आज नाय तर उद्या वास येतलो ह्येका!"

शेवटी शेवंडाचं मांस काढून तिने सुकं केलं आणि शेपटीचं कवच धुऊन त्याच्या हवाली केलं. ते समोर ठेवून त्याने नव्या पाकळ्या कापल्या, कोपरे कानशीने गोल केले, रिव्हेट टोकाशी नेले. संध्याकाळी त्याने एकटा गुडघा हातात धरून वाकवला. तो वाकला. कट्ट वाजलं नाही. चार पत्रे एकामागून एक सरकले आणि परत आले. दत्तारामने तो खेळण्यासारखा किती वेळा वाकवला कोण जाणे. गोदूबाईनेही हात पुढे केला, तेव्हा त्याने तो नाइलाजाने तिच्याकडे दिला.

पाय पुरे झाले तोवर बंदी उठून महिना झाला होता आणि किनाऱ्यावर रापणीला, म्हणजे मोठं जाळं दोरांनी काठावर ओढायला, सुरुवात झाली होती. एका दुपारी, बाजार नव्हता म्हणून, दत्तारामने तिला ते पहिल्यांदा संपूर्ण चढवले. आधी अस्तर, मग नळ्या, मागून पुढून दोन भागांच्या, कडेला बिजागरी. मग मांडो आणि वाटी एकत्र. मांडो घसरू नये म्हणून तो दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधला. ही युक्ती गोदूबाईची. ओझं कमरेने धरलं की पाय मोकळे राहतात, हे तिला माहीत होतं.

ती उभी राहिली.

"कसां वाटता?" दत्तारामने विचारलं.

"थंड."

"आणखी?"

"जड नाय तितक्या. बांधून घेतल्यासारख्या वाटता. म्हणजे..." तिला शब्द सापडेना.

"म्हणजे काय? नीट सांग गो. माका कळूक व्हया." दत्ताराम कळवळून म्हणाला. त्याने आधी स्वतः घालायचा प्रयत्न केला होता. त्याच्या पोटरीला नळी बंदसुद्धा होत नव्हती. तीन महिने खपून त्याने एक गोष्ट केली होती आणि जगात एकच माणूस त्यात शिरू शकत होतं, आणि ते माणूस म्हणत होतं, थंड.

"चालल्याशिवाय कसां सांगू?" ती म्हणाली आणि चालायला लागली. अंगण संपलं. कुंपणाच्या फाटकापाशी, बेड्यापाशी, ती थांबेल असं त्याला वाटलं. तिने बेडा उघडला.

"खंय चल्लंस?"

"बघतंय, खंयसर जातत ते."

वाटेवर पत्रे हळू आवाजात बोलत होते, कुर्ल्या टोपलीत चालतात तसे. उजवा पाय टाकताना तिला एक नवल वाटलं. तो पाय दरवेळी थोडासा बाहेर फाकायचा, हे तिला आत्ता कळलं, कारण आता तो फाकत नव्हता. नळीने त्याला धरून ठेवलं होतं. तिने मुद्दाम चार पावलं जोरात टाकली. मागून दत्ताराम तेलाची बाटली घेऊन धावत होता.

किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. दोन्ही दोरांवर माणसं मागे रेलून ओढत होती. गोदूबाई माडांमधून बाहेर आली, ऊन पायांवर पडलं आणि आधी एकाचा, मग सगळ्यांचा हात थांबला.

"गोदूवयनी," रापणीचा म्होरक्या महादू ओरडला, "लढाय खंय आसा?"

"तुझ्या घराकडे," गोदूबाई म्हणाली. "तुझ्या बायलेन बोलावल्यान माका."

दोर सोडून माणसं हसली, तसं महादूने शिव्या घालून पुन्हा धरायला लावला. गोदूबाई ओल्या वाळूपर्यंत गेली. तिथे तिने एकदा मागे बघितलं. मग सावकाश, काहीही न धरता, डावा गुडघा वाकवून खाली टेकला.

वाकला. तिला तो वाकताना जाणवला, एकेक पत्रा आपली जागा सोडून दुसऱ्याखाली जाताना, चिमटा नाही, टोचणं नाही. गुडघा वाळूला लागला, पण वाळू लागली नाही, लागला तो फक्त भार. आपण बसलोय आणि तरी आपल्याभोवती काहीतरी उभं आहे, असं तिला वाटलं. दत्ताराम तोवर वाळूत पालथा पडला होता आणि बाजूने तिच्या गुडघ्याकडे बघत होता.

"फट नाय!" तो ओरडला. "गो, जरासुद्धा फट नाय!"

"बांधून घेतल्यासारख्या नाय," ती वरून म्हणाली. तिला शब्द सापडले होते. "कोणीतरी दोनय हातांनी पाय धरून ठेवल्यासारख्या वाटता."

दत्ताराम तसाच पालथा पडून राहिला. गालाला लागलेली वाळू त्याने पुसली नाही.

मग ती उठायला गेली. कर्र असा आवाज आला आणि गुडघा तिथेच राहिला. तिने पुन्हा जोर केला. कर्र.

"वाळू," दत्ताराम म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "पाकळेत वाळू गेली."

गोदूबाई राणीपुढल्या त्या माणसासारखी गुडघा टेकून बसली होती, समोर अरबी समुद्र होता, आणि लाटा जवळ येत होत्या. महादू आणि बाबली धावले, त्यांनी तिला काखेत धरून तशीच, वाकलेल्या पायासकट उचलली आणि उपड्या होडीवर नेऊन ठेवली. कोणी समुद्राचं पाणी आणलं तर दत्ताराम अंगावर ओरडला, "खारां पाणी नको! गंज धरतलो!" मग रापणकरांच्या प्यायच्या कळशीतलं पाणी त्याने पाकळ्यांत ओतलं, वरून तेल सोडलं. गोदूबाईला आधी हसू येत नव्हतं. पण नवरा कपाळावर घाम घेऊन तिच्या गुडघ्याला फुंकर घालायला लागला आणि म्हणाला, "त्या राणीच्या घराक वाळू नसतली," तेव्हा तिला जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. होडी हलली. दोन्ही दोरांवरची माणसं हसत होती, रापण मात्र अर्ध्यावर होती, आणि त्या दिवशी मासळी कमी मिळाली त्याचं खापर पुढे कितीतरी दिवस महादू गोदूबाईच्या गुडघ्यावर फोडत होता.

पुढच्या बाजाराला ती कसालला गेली, तर बातमी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर तिच्याआधी पोचली होती. टोपली उतरवते न उतरवते तोच नेहमीच्या गिऱ्हाईक उर्वशी मॅडम आल्या. त्या कुठल्याशा ऑफिसात होत्या.

"गोदूबाई, लोखंडाचे पाय घालून चाललेल्या त्या तुम्हीच?"

"मीच."

"पण वाकतो कसा हो पाय त्यात?"

ऑफिसातल्या माणसांशी गोदूबाई जमेल तसं शुद्ध बोलायची. तिने टोपलीतलं एक मोठं सुंगट उचललं. "हे बघा मॅडम. ही कोळंबी सरळ आहे. आता वाकवते. मांस दिसतं का तुम्हाला? नाही ना? आता हय बघा... इथे, बाजूला. इथे रिव्हेट आहे असं समजा." आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. भाजीवाला उठून आला. गोदूबाईने सुंगट फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवलं, कोपरा गोल का लागतो तेही सांगितलं.

"आणि तुम्ही बसलात तेव्हा ते दिसत कसं होतं?" उर्वशी मॅडमनी विचारलं.

गोदूबाई सांगायला गेली आणि थांबली.

"मी आत होते ना," ती म्हणाली. "वरून फक्त वाटी दिसायची. पाकळ्या खाली. मला कुठून दिसणार?"

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली होती आणि तेच तिच्या डोक्यात फिरत होतं. रापणीवरच्या सगळ्यांनी बघितलं होतं. महादूने बघितलं. बाबलीने बघितलं. दत्ताराम तर पालथा पडून बघत होता.

घरी पोचली तर दत्तारामने सगळे रिव्हेट काढून पाकळ्या फडक्यावर मांडल्या होत्या, वाळू जाऊ नये म्हणून आतून लावायला चामड्याच्या पट्ट्या कापल्या होत्या, आणि नवा पुठ्ठाही तयार होता.

"हात दी गो," तो म्हणाला. "कोपर बघूया आता. कोपराचां वेगळां आसतला."

"हात नाय," गोदूबाई म्हणाली. टोपली खाली ठेवून तिने त्याच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला. "आधी तुमचो पाय दिया."

"माझो? कित्याक?"

"माका बघूचो आसा, बाहेरसून. तुमी नुसतो बघलात, मी नुसतो घातलंय."

दत्ताराम विचारात पडला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "म्हणजे मी घालतलंय?"

"तुमी घाला, मी बघतंय. बसा थंय. नि हलव नकात."

तो पायरीवर बसला, लेंगा वर केला. तिने पुठ्ठा नडगीवर धरला, दोरी घेतली, तो सांगेल तशी खूण केली. "वाकवा. अर्धो. थांबा." मग मागची मापं घ्यायला तिने गुडघ्याच्या मागे बोटं नेली, आणि दत्ताराम, एस.टी.तला निवृत्त, वाडीतला सगळ्यात गंभीर माणूस, खिंकाळला आणि पाय झटकून घेतला.

गोदूबाई बघतच राहिली.

"गुदगुल्यो होतत तुमका?"

"हयसर होतत," तो ओशाळून म्हणाला.

"कदीपासून?"

"पयल्यापासूनच."

तिने दोरी खाली ठेवली आणि खरं की काय ते बघायला पुन्हा बोट पुढे नेलं.